तोंडं मोजण्याचं काम

चौकाला किती तोंडं, एवढंच लिहायचं.
चार असतील तर चार, तीन तर तीन,
एकच असेल तर शेजारी फुली:
म्हणजे गाडी आत जाते आणि तशीच मागे फिरते.
हातात चाकाची काठी, दर मीटरला टक् करणारी,
गळ्यात ओळखपत्र: हेमलता पगार, कंत्राटी.

जुन्या नाशकात चाक
धड दहा मीटर सरळ गेलं नाही.
दहीपुलाकडून शिरले एका बोळात,
रुंदी माझ्या दोन कोपरांएवढी.
वाटलं आला शेवट, मारली फुली,
तर भांडी घासणारी म्हणाली,
"पुढे जा की ताई, पाच पायऱ्या उतरलात की घाटावर निघाल."
फुली खोडली. पुढची पण खोडली.
दुपारी साहेबांचा फोन,
"एका गल्लीला सहा तोंडं? नीट बघा."
नीटच बघत होते.
सहावं तोंड पिठाच्या गिरणीतून जात होतं.

सिडकोत दोन दिवसांत उरकलं,
चौकटीच्या वहीत बेरजा मांडाव्यात तसे रस्ते.
ओटे पुढे आलेत, जिने पुढे आलेत,
पण तोंडं उघडी.

मालेगावचे कागद मुबीनकडे, सिन्नरचे रेणुकाकडे.
रात्री ग्रुपवर आकडे पडतात.
मुबीनच्या गल्ल्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून,
आणि गाव संपलं रे संपलं
की त्याच्याही कागदावर फुल्या.
रेणुका लिहिते, यंदा फुल्यांचं पीक बरं आहे.

मग मखमलाबादचं शिवार.
इथे शहर येताना रस्ता आणत नाही,
गेट आणतं.
एकेका गटाचा एकेक ले-आउट,
एकेका ले-आउटला एकेक वॉचमन, एकेक वही.
बांध होता तिथे भिंत.
भावाभावांनी वाटणी करताना ओढलेली रेघ
आता नकाशावर कायमची बसली.
वाटणीत वाट गेली, कुणाच्या वाट्याला आली नाही.

कौतिकबाई मंडलिकांचं रो-हाऊस भिंतीला लागून.
पलीकडे त्यांची जाऊ.
हाक ऐकू जाते. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.
मी रस्त्याने चाक फिरवलं:
गेट, डीपी रोड, दुभाजक,
दुभाजक फुटेपर्यंत चालत राहायचं,
उलट वळून तेवढंच परत,
दुसरं गेट, वहीत नाव, "कुणाकडे?",
दोन हजार आठशे चाळीस मीटर.
जावेच्या दाराशी पोचले तेव्हा
आमटीचा वास भिंतीवरून माझ्याआधी येऊन बसलेला.

परत आल्यावर कौतिकबाईंनी
पाण्याच्या टाकीमागे नेलं.
चार विटा नाहीत. खालच्या दोन सैल.
कुणी पाडल्या ते कुणाला माहीत नाही.
सोसायटीने दोनदा सिमेंट भरलं,
दोनदा ते पावसाने वाहून गेलं, म्हणाल्या,
उन्हाळ्यात.

"इथेच बाग होती आमची. थॉमसन.
या ओळीतून त्या ओळीत जायचं
तर तारेखालून वाकायचं.
चाळीस वर्षं वाकलोय आम्ही दोघी,
आता काय कंबर मोडते?"

फॉर्मवर रकाने पाहिले.
डांबरी, काँक्रीट, खडी, कच्चा.
रुंदी सहा मीटरपेक्षा कमी असल्यास कारण.
रुंदी दीड वीट, कारण जाऊ,
असं कुठे लिहायचं?

फुली मारलेलीच होती या रस्त्याला.
रबर पर्समध्ये, पर्स गाडीच्या डिकीत,
गाडी गेटबाहेर.
पेनानेच गिरवून गिरवून
तिचं एक काळं भोक केलं.
साहेबांचा फोन येईल. येऊ दे.

ओढणी कमरेला खोचून वाकले
तर काठी आडवी अडकली.
पलीकडून बांगड्यांचा एक हात आत आला,
"आधी ती इकडे द्या, मग तुम्ही या."

चाक विटांवरून घसरत गेलं.
टक्.